पैशाच्या नियोजनाचा पेशा : मुलामुलींनी कोणती शाखा घ्यावी?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर एरवी लागणीच्या तारखा, बेणेबदल, पाचट आच्छादन आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी मजकूर असतो. या अंकात विषय निराळा आहे. बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात ऊस नोंदीच्या कागदांबरोबर मुलांच्या गुणपत्रिकाही टेबलावर येऊ लागतात. ‘पोरगं हिशेबाला पक्कं आहे. बँक, विमा, म्युच्युअल फंड असलं काहीतरी करायचं म्हणतंय. लोकांच्या पैशाचं नियोजन करून द्यायचा धंदा असतो म्हणे. त्याला कशाला घालू?’ असा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मुलींचे पालक विचारतात आणि मुली स्वतःही येऊन विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो. या पेशाला डॉक्टरकीसारखी एकच ठरलेली शाखा नाही. आर्थिक नियोजनकार हा वाणिज्याचा, अर्थशास्त्राचा, संख्याशास्त्राचा, कायद्याचा किंवा शेतकीचाही पदवीधर असू शकतो. आणि म्हणूनच येथे पालकांची फसगत जास्त होते. ज्या कोर्सच्या नावात ‘फायनान्स’ किंवा ‘वेल्थ’ हा शब्द आहे तो घेतला की काम झाले, असे वाटते, आणि त्या नावापोटी एकरभर उसाचे बिल दरसाल फीमध्ये जाते. नाव बघून शाखा घेऊ नये. या कामाचे जे भाग आहेत त्यांतला कोणता भाग आपले मूल पेलू शकेल ते बघावे. तेव्हा आधी काम काय असते ते समजून घेऊ.

काम काय असते

आर्थिक नियोजनकार एखाद्या कुटुंबाची सगळी स्थिती आधी कागदावर घेतो. येणे किती, देणे किती, कर्ज कोणाचे आणि किती टक्क्याने, घरात शिकणारी मुले किती, म्हातारी माणसे किती, जमीन कोणाच्या नावावर, विमा आहे का. मग कोणते कर्ज आधी फेडायचे, विमा किती घ्यायचा, शिल्लक कुठे ठेवायची, म्हातारपणाला काय राखायचे, मागे राहणाऱ्यांना काय आणि कसे मिळेल, याचा आराखडा करून देतो. आणि दरवर्षी पुन्हा येऊन तो तपासतो. माती परीक्षण न करता खताची मात्रा सांगणारा आणि घरची स्थिती न विचारता पॉलिसी सुचवणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. समजा, एका सभासदाचा दोन एकर आडसाली ऊस आहे. जुलैत लावला तो पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तुटला. सोळा-सतरा महिने या पिकातून एक पैसा आत आला नाही. खते, औषधे, पाणीपट्टी, लाइट बिल मात्र चालूच. एकरी ५० टन धरले तर १०० टन ऊस झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, उतारा जसा असेल तसा आकडाही हलतो. ढोबळ हिशेबासाठी हातात टनाला २,७०० रुपये धरू. झाले २ लाख ७० हजार. त्यातून सोसायटीची वसुली आधी होते. उरलेले पैसे खात्यावर पडतात त्याच आठवड्यात दुकानदाराची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता आणि घरातले लग्न दारात उभे असते.

आता याच सभासदाला शहरातल्या एखाद्या हुशार सल्लागाराने सांगितले, ‘दरमहा पाच हजार गुंतवत चला.’ पगारदाराला हा सल्ला उत्तम आहे. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खाते रिकामे होते, हप्ता परत जातो आणि वर बँक दंड लावते. सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्याच्या रानासाठी होता. ज्याला ऊस कळतो असा माणूस सांगेल की बिल जमा झाले की पुढच्या पिकाचे भांडवल आणि तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी वेगळ्या खात्यात काढा, महागड्या व्याजाचे कर्ज मिटवा, आणि मग उरले तर एकरकमी गुंतवा. असा सांगणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. आपल्या मुलांना या पेशात जागा आहे असे मी म्हणतो ते त्यामुळे.

या कामात गणित लागते, पण ते इंजिनिअरिंगचे नव्हे. चक्रवाढ व्याज डोक्यात बसलेले पाहिजे. जाणकार एक साधा आडाखा वापरतात. ७२ ला दराने भागावे, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. म्हणजे आज ४८ वर्षांच्या सभासदाचे घर महिना २० हजारांत चालत असेल तर त्याच्या साठीला तेच घर चालवायला ४० हजार लागतील. आणि कोणी महिन्याला ५ टक्के देतो म्हणाला तर? ७२ भागिले ५, म्हणजे पंधरा महिन्यांच्या आत दामदुप्पट. असा धंदा ज्याच्या हातात आहे तो तुमच्या ओसरीवर पैसे मागायला कशाला येईल? हे गणित घरातल्या एका पोराला येत असते तर पुष्कळ घरे वाचली असती.

विकणारा आणि सांगणारा

शाखेकडे वळण्याआधी एक भेद पालकांनी नीट ध्यानात घ्यावा, कारण मुलाचे पुढचे सगळे आयुष्य त्यावर ठरते. पैशाच्या धंद्यात एक विकणारा असतो आणि एक सांगणारा असतो. विमा एजंट, म्युच्युअल फंडाचा वितरक हे विकणारे. त्यांना कंपनीकडून कमिशन मिळते. सांगणारा गिऱ्हाइकाकडून फी घेतो. विकणारे सगळे वाईट, असा याचा अर्थ नाही. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ निघाल्यानंतर खेड्यात बचतीची सवय लावली ती सायकलवरून हिंडणाऱ्या एजंटांनीच. पण ज्याचे पोट विक्रीवर आहे त्याने न विकण्याचा सल्ला द्यावा ही अपेक्षा अवघडच.

विकण्याचा धंदा किती खोल जाऊ शकतो याचे उदाहरण सगळ्यांच्या आठवणीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने पी.ए.सी.एल. या कंपनीला गुंतवणूकदारांचे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. जमिनीच्या नावावर देशभरातून गोळा केलेला पैसा होता तो, आणि त्यात खेड्यापाड्यातल्या छोट्या लोकांचा वाटा मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१६ मध्ये माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि परतफेडीचे काम वर्षानुवर्षे चालत राहिले. हप्ते गोळा करणारे एजंट परके नव्हते. कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा. बारावी झालेली, बोलकी, कष्टाळू पोरे. कंपनीचा कारभार तपासण्याइतके शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते, आणि गावाने मात्र त्यांच्याच तोंडाकडे बघून पैसे दिले. आजही ‘तीन महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी’ अशा जाहिराती येतात. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी नोकरी म्हणजे टार्गेट, आणि पहिले गिऱ्हाईक म्हणजे आपलीच आत्या. मुलाला घालण्यापूर्वी एवढेच विचारावे : पगार कशाचा मिळणार, कामाचा की विक्रीचा?

कायद्याने काय लागते

आर्थिक नियोजन हा वेगळा पेशा म्हणून फार जुना नाही. अमेरिकेत १९६९ साली त्याची जुळवाजुळव सुरू झाली आणि १९७३ मध्ये सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, म्हणजे सी.एफ.पी., ही पदवी घेतलेली पहिली तुकडी बाहेर पडली. तिकडे पुष्कळ विद्यापीठांत हा पदवीचा मुख्य विषयच आहे. आपल्याकडे सी.एफ.पी.चे काम एफ.पी.एस.बी. इंडिया ही संस्था बघते. गुंतवणूक, निवृत्ती व कर, विमा व वारसा अशा भागांच्या परीक्षा आणि शेवटी एका कुटुंबाचा पूर्ण आराखडा करण्याची परीक्षा, शिवाय कामाचा अनुभव आणि नीतिनियमांची हमी, असा तो रस्ता आहे. हा अभ्यास पदवीच्या जोडीने सुरू करता येतो.

फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. त्याचे नियम २०१३ साली झाले. २०२० च्या दुरुस्तीत पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव मागितला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये नियम सैल करून वित्त, हिशेबशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, बँकिंग, विमा यांसारख्या विषयांतली पदवी पुरेशी ठरविली आणि अनुभवाची अट काढली. शिवाय एन.आय.एस.एम. या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. ही संस्था सेबीनेच काढलेली, तिचे आवार आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. एकाच गिऱ्हाइकाकडून सल्ल्याची फीही घ्यायची आणि कंपनीचे कमिशनही खायचे, हे नोंदणीकृत सल्लागाराला चालत नाही.

बारा वर्षांत नियम इतके वेळा बदलले हे पालकांनी बघावे. आज बारावी झालेले मूल पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा नियम काय असतील त्यावर शाखा बेतू नये. मूळ विषय पक्का असेल तर वरची परीक्षा कोणतीही येवो, देता येते. बेणे चांगले असेल तर खताची मात्रा मागाहून कमी-जास्त करता येते. बेणेच कमअस्सल असेल तर काही करता येत नाही.

आता शाखा

सर्वांत मळलेली वाट वाणिज्याची. बी.कॉम.ला हिशेबशास्त्र, आयकर, कंपनी कायदा, बँकिंग येते, आणि हे सगळे कामाचे आहे. फीही बेताची. तालुक्याच्या कॉलेजात होते. नोकरी करता करता शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मूल खरोखर चिकाटीचे असेल तर सी.ए. करावे. बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येते. वाणिज्याच्या पदवीला ५५ टक्के किंवा इतर शाखेच्या पदवीला ६० टक्के गुण असले तर फाउंडेशन माफ होऊन थेट पुढच्या पायरीवर प्रवेश मिळतो. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. पण सी.ए. म्हणजे नियोजनकार नव्हे. तो झालेल्या व्यवहाराचा हिशेब बघतो, नियोजनकाराला न झालेल्या गोष्टींचा अंदाज बांधायचा असतो. बी.कॉम. करणाऱ्या मुलाने म्हणून संख्याशास्त्राला भिऊन ते टाळू नये, आणि आयकर मन लावून शिकावा. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे एवढेच आपल्याला माहीत असते. घरात शिक्षकाचा किंवा कारखान्याचा पगार आणि उसाचे बिल दोन्ही एकाच माणसाच्या नावावर असेल तर पगारावरचा कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुंबई-पुण्याकडे बी.कॉम.चेच अकौंटिंग-फायनान्स, बँकिंग-इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स असे प्रकार आहेत. विषय चांगले असतात, फी जास्त असते. बी.बी.ए. आणि बी.एम.एस.ला २०२४-२५ पासून राज्याची सी.ई.टी. लागू झाली. तेव्हा काही कॉलेजांनी त्याच अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली आणला. नावाला किती अर्थ असतो ते यावरून ओळखावे.

अर्थशास्त्राविषयी आपल्याकडे गैरसमज आहे. ज्याला कुठे प्रवेश मिळत नाही त्याने बी.ए. अर्थशास्त्र करावे, असे मानतात. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या बळावर उभा केला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष कोण होते? अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. भांडवल कसे उभे करायचे, सभासदाच्या बिलातून ठेव किती कापायची, सरकारकडून किती घ्यायचे, या प्रश्नांना अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज होती, आणि आपण सगळे त्याच पायावर उभे आहोत. व्याजदर का चढतात, महागाई कशी मोजतात, साखरेचा भाव आणि आपला ऊस यांचा मेळ कसा बसतो, हे या विषयात कळते. एक मात्र बघावे, कॉलेजात अर्थशास्त्राबरोबर गणित किंवा संख्याशास्त्र घेता येते का. नुसत्या व्याख्या पाठ करून घेतलेली पदवी या कामाला उपयोगी नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला गौण विषय अशी रचना आली आहे. अर्थशास्त्र मुख्य आणि वाणिज्य किंवा संख्याशास्त्र गौण अशी जोडी मिळाली तर माझ्या मते ती उत्तम. ती आपल्या कॉलेजात आहे का ते प्रवेशाआधी विचारावे, नंतर नव्हे.

गणितात खरोखर गती असलेल्या मुलाने संख्याशास्त्रात बी.एस्सी. करावे. विमा हे सगळे शक्यतेचे शास्त्र आहे. त्यात पुढे ॲक्च्युअरी नावाचा पेशा आहे, परीक्षा फार कठीण, पण माणसे थोडी असल्याने किंमत मोठी. असे मूल गावात एखादेच निघते. निघाले तर त्याला बळेच डिप्लोमाला घालू नये.

आता माझ्या खात्याच्या विषयाकडे येतो, आणि येथे माझा कल लपवत नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. ॲग्रीला कृषी अर्थशास्त्र, कृषी वित्त व सहकार हे विषय असतातच. बारावी विज्ञान आणि सी.ई.टी. लागते, चार वर्षे लागतात. माझा स्वतःचा कृषी पदविका आहे, पदवी नाही; पण पीककर्जाची मर्यादा कशी बसते, खोडव्याला खर्च किती कमी लागतो, ठिबकचे कर्ज किती हंगामांत फिटते, हे ज्याला शेतात उभे राहून कळले आहे त्याच्याशी शेतकरी मोकळेपणाने बोलतो, हे मी रोज बघतो. पुस्तकी सल्लागारासमोर आपला माणूस हातउसने सांगत नाही, सावकाराचे तर नाहीच नाही. आणि ते सांगितल्याशिवाय नियोजन होत नाही. अशा पदवीधराने पुढे कृषी अर्थशास्त्रात किंवा वित्त व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. दोन गोष्टी साधतात : सेबीच्या नोंदणीसाठी विषयाची अडचण राहत नाही, आणि दरम्यान पोटापाण्याला बँकांची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा देता येते. बँकेत चार-पाच वर्षे काढलेला माणूस मग स्वतःचे ऑफिस टाकायला घाबरत नाही.

कायद्याची शाखा या यादीत कोणी धरत नाही, पण आपल्या भागात तिचे मोल सर्वांत मोठे ठरेल असे मला वाटते. आपली दौलत पैशात नाही, जमिनीत आहे. आणि जमीन म्हणजे वारसा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ पूर्वी वडील वारले असले तरी त्याने मुलीचा हक्क जात नाही. तरीही बहिणींच्या सह्या घेताना काय चालते ते आपण जाणतो. दुसरी गोष्ट नामनिर्देशनाची. फॉर्मवर ज्याचे नाव घातले तो मालक झाला, अशी समजूत घरोघर आहे. बँकेच्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, पण वारसांच्या वतीने. ते त्याच्या एकट्याचे होत नाहीत. कंपनीच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्यात मात्र २०१५ पासून नियम वेगळा आहे : नवरा, बायको, मुले किंवा आईबाप यांना नॉमिनी केले असेल तर पैसे साधारणपणे त्यांचेच. आता बघा, एकाच माणसाच्या मागे ठेव, शेअर्स, विमा आणि जमीन राहिली तर चार वस्तूंचे नियम एकसारखे नाहीत. मृत्युपत्र मात्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी होते, नोंदणी सक्तीची नाही. हे ज्याला घरात बसून शांतपणे समजावता येते तो तालुका कोर्टातले निम्मे दावे जन्मालाच येऊ देणार नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करून वर सी.एफ.पी. केलेली मुलगी आपल्या तालुक्याला हवी आहे. मुलगीच म्हणतो, कारण घरातल्या बायका पैशाचे खरे तिच्याशी बोलतील.

मानसशास्त्राला हसू नये. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ, पण २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, कारण माणूस पैशाचे निर्णय हिशेबाने घेत नाही हे त्यांनी दाखवून दिले. रस्त्याला जमीन गेली, मोबदला आला, आणि पहिल्या महिन्यात गाडी दारात आली, हे आपण नोबेलशिवाय बघितलेच आहे. या शाखेच्या मुलाला हिशेबाचे शिक्षण मात्र वेगळे घ्यावे लागेल. इंजिनिअर झालेल्यांनाही दार बंद नाही. पण याच कामासाठी म्हणून इंजिनिअरिंगला पैसे घालण्यात अर्थ नाही.

खर्चाचे काय

मुलाला लोकांच्या पैशाचे नियोजन शिकवायचे आणि त्यासाठी स्वतः जमीन गहाण टाकायची, हे विपरीतच. पहिली पदवी घराजवळ, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात करावी. पैसे खर्चायचे तर पदव्युत्तर शिक्षणावर खर्चावेत, तेव्हा मुलाचा कलही कळलेला असतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला पाहिजे, व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृह खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे.

पहिली चार-पाच वर्षे या पेशात मिळकत थोडी असते, हे आधीच समजून असावे. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि आराखड्याला फी देण्याची आपल्याकडे सवय नाही. बोअरचे पाणी बघणाऱ्याला आपण हजार रुपये मुकाट्याने देतो, कागदावर हिशेब मांडून देणाऱ्याला मात्र चहा पाजून वाटेला लावतो. तेव्हा सुरुवात नोकरीनेच करावी. बँक, पतसंस्था, सी.ए.चे ऑफिस किंवा सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडची मदतनिसाची जागा, यांतले काहीही चालेल.

मुलाचा कल तपासण्याचा एक स्वस्त उपाय आहे. येत्या सुट्टीत त्याला आपल्या घरचा वर्षाचा जमाखर्च लिहायला बसवावे. उसाची बिले, सोसायटीचा उतारा, दुकानाची वही, लाइट बिले, विम्याच्या पावत्या, दूध डेअरीचे पगार, सगळे त्याच्यापुढे टाकावे. कर्ज लपवू नये. आठ दिवसांत त्याने कंटाळून वही बाजूला ठेवली तर दुसरा विचार करावा. ‘बाबा, या सोन्यावरच्या कर्जाला आपण व्याज किती भरतो ते बघितलंय का?’ असे विचारत तो तुमच्यापुढे आला तर शाखा कोणतीही घ्या, पोरगं या कामाचं आहे.

प्रवेशासाठी सात-बारा व आठ-अ चे उतारे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवास आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी होते आणि तारखा निघून जातात.